रिद्धपुरात एक महिना : मराठी भाषा विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
मराठी भाषा विद्यापीठ,
रिद्धपूर, ता. मोर्शी, जि. अमरावती

सा. न. वि. वि.

आपली माझी ओळख नाही. मी चिपळूणची. गेली चार वर्षं चेक प्रजासत्ताकात ब्रनो शहरात राहते, पेशीजीवशास्त्रात पीएच.डी. करते. म्हणजे भाषेच्या कामात लुडबूड करण्याचा मला काडीचा अधिकार नाही. तरी हे पत्र आपल्यालाच लिहिते आहे, कारण मला बाहेर गेलेल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी महिनाभराचा एक भाषावर्ग मागायचा आहे, आणि तो देऊ शकेल असं दुसरं ठिकाण मला सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी होस्टेलवर माझ्या खोलीत टेक्ससची एक मुलगी राहायला आली. तिचं नाव लिहीत नाही, तिनेच नको म्हणून सांगितलं आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही मेंझात जेवायला गेलो. मेंझा म्हणजे विद्यापीठाची खाणावळ. माझं ताट ठरलेलं, तळलेलं चीज आणि उकडलेले बटाटे. शाकाहारी माणसाचं या देशातलं नशीब तेवढंच. ती मात्र काउंटरवरच्या बाईंशी चेकमध्ये बोलायला लागली आणि बटाटे मागताना म्हणाली, "झेमाकी." पुस्तकातला शब्द 'ब्रांबोरी'. झेमाकी हा मोरावियातल्या (म्हणजे या देशाच्या पूर्वेकडच्या भागातल्या) खेड्यापाड्यांतला शब्द, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जास्त. इथे तो टेक्ससचा टी-शर्ट घातलेल्या विशीतल्या पोरीच्या तोंडून, अमेरिकन हेल काढत आलेला. बाईंचा डाव हवेतच राहिला. मग म्हणाल्या, "अगं, तू तर माझ्या आजीसारखी बोलतेस!" आणि एक डाव जास्त वाढला. माझ्या ताटात नाही, तिच्या.

टेक्ससमध्ये चेक आजी कुठून आली, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बोहेमिया (म्हणजे पश्चिमेकडचा भाग) आणि मोरावियातून माणसं तिकडे जाऊ लागली. योसेफ आर्नोश्ट बेर्गमान नावाचा एक पाद्री आधी जाऊन पोचला होता. त्याची पत्रं गावोगाव वाचली जात: इथे जमीन स्वस्त आहे, या. इकडे जमिनीचे तुकडे पडलेले, विणकरांचं काम यंत्रांनी खाल्लेलं, शिवाय पोरांना सम्राटाच्या फौजेत जावं लागे. १८५१च्या सुमाराला निघालेली पहिली मोठी तुकडी लिव्हरपूल, न्यू ऑर्लिन्स, गॅल्वेस्टन अशा वाटेने गेली आणि त्यातली जवळजवळ निम्मी माणसं जमिनीचं तोंड पाहण्याआधी किंवा पाहिल्यावर लगेच मेली. तरी मागून जाणारे थांबले नाहीत. फेयेट कौंटीत 'प्राहा' नावाचं गाव आहे, म्हणजे प्रागच. तिथल्या कबरींवर 'झ्दे ओद्पोचीवा', येथे विसावले आहेत, असं चेकमध्ये कोरलेलं आहे. १८९७ मध्ये या लोकांनी आपली विमा-संस्था काढली आणि तिचं चेक वृत्तपत्रही चालवलं.

माझ्या मैत्रिणीचे खापरपणजोबा १८७०च्या दशकात गेले. तिची आजी अजून चेक बोलते. आईला ती समजते, पण आई बोलत नाही. हिच्या वाट्याला आले ते खाण्याचे, रागावण्याचे आणि देवाचे शब्द. आजीला ती 'स्तार्झेन्का' म्हणते. इथे सगळे 'बाबिच्का' म्हणतात. आडनावातल्या आर या अक्षरावरचा छोटा काक (चेक लोक त्या खुणेला हाचेक म्हणतात) अमेरिकेतल्या कुठल्याशा कारकुनाने खाल्ला, तो चार पिढ्यांनी इथल्या वर्गाच्या हजेरीत परत आला. वर बाईमाणूस म्हणून 'ओवा' हा प्रत्ययही लागला. तो तिला अजिबात आवडलेला नाही, हेही सांगून ठेवते.

आता मुद्द्याकडे येते. पूर्वजांच्या देशात शिकायला आलेल्या या मुलीला त्या देशाने काय दिलं आणि काय नाही, ते मी एकाच खोलीत राहून पाहिलं आहे.

नागरिकत्व दिलं नाही. २०१९च्या दुरुस्तीपासून माजी चेक किंवा चेकोस्लोव्हाक नागरिकांच्या मुलांना आणि नातवंडांना साध्या घोषणापत्रावर नागरिकत्व मिळू शकतं. पण चेकोस्लोव्हाकियाच मुळात २८ ऑक्टोबर १९१८ला जन्मला. हिचे पूर्वज गेले तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या सम्राटाची प्रजा होते. जो देश नव्हताच त्याचं नागरिकत्व कसं हरवणार? म्हणून ती इथे माझ्याचसारखी परदेशी: दूतावासातून व्हिसा, कागदपत्रांवर अपोस्टिल (परदेशात ती खरी मानली जावीत म्हणून लागणारा सरकारी शिक्का), न्यायालयाने नेमलेल्या अनुवादकाचं भाषांतर, उतरल्यावर तीन कामाच्या दिवसांत पोलिसांकडे नोंद. एका कार्यालयात (नाव घेत नाही) ती आठवडाभर पाठ केलेलं वाक्य चेकमध्ये बोलली. खिडकीपलीकडच्या बाई इंग्रजीत म्हणाल्या, "इंग्रजीत बोला, लवकर उरकेल." त्या दिवशी ती खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. मी चहा केला, तो तसाच निवला.

मग दिलं काय? तीन गोष्टी.

पहिली सगळ्यांनाच मिळते, माझ्यासारखीलाही: सरकारी विद्यापीठात चेक भाषेतून शिकलात तर शिक्षणशुल्क नाही. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून या. इंग्रजीतून शिकायचं तर पैसे मोजा. यात एक हिशेबी धूर्तपणा आहे आणि तो मला फार आवडतो. भाषा शिका म्हणून कोणी भाषण ठोकत नाही, ती शिकण्याचा फायदा सरळ खिशात घालतात.

दुसरी खास तिच्यासारख्यांसाठी. परदेशात गेलेल्या आपल्या माणसांना चेक लोक 'क्रायान' म्हणतात. आपल्या 'गाववाला'च्या जवळ जाणारा शब्द आहे, 'अनिवासी'सारखा कोरडा नव्हे. क्रायान मुलांना सरकारी शिष्यवृत्तीवर इथल्या विद्यापीठांत एक-दोन सत्रं शिकता येतं. अर्ज दूतावासातून जातो.

तिसरी गोष्ट दोब्रुश्का.

दोब्रुश्का हे पूर्व बोहेमियातलं छोटं गाव. अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या वळणावर चेक भाषा म्हणजे नोकरचाकरांची बोली, शिकल्यासवरल्याने जर्मन बोलावं अशी इथली हवा होती. तेव्हा चेकमध्ये लिहिण्याचा हट्ट धरणाऱ्यांपैकी फ्रांतिशेक व्लादिस्लाव हेक हा व्यापारी याच गावचा. (योसेफ युंगमानचा पाच खंडांचा चेक-जर्मन कोश १८३४ ते १८३९ मध्ये निघाला, आपल्याकडे मोल्सवर्थ या इंग्रजाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये. फरक इतकाच की त्यांचा कोश त्यांच्यातल्याच माणसाने केला.) या गावात उन्हाळ्यात चार आठवडे क्रायान मंडळींसाठी चेक भाषेचा वर्ग भरतो. चालवतं प्रागचं चार्ल्स विद्यापीठ, १३४८ साली स्थापन झालेलं. राहणं, जेवण, शिकवणं सरकारचं, प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा. माझी मैत्रीण ब्रनोला येण्याआधी हा वर्ग करून आली होती, आणि पुढच्या उन्हाळ्यात जुन्या ओळखींना भेटायला निघाली तेव्हा शनिवार-रविवार मीही गेले.

तिथे काय पाहिलं ते जरा सावकाश सांगते, कारण पत्राचं कारण तेच आहे. रुमानियाच्या 'बनात' नावाच्या भागातला एक मुलगा होता. डॅन्यूबच्या वरच्या डोंगरात चेकांची सहा गावं आहेत, १८२०च्या दशकात जंगल तोडायला नेलेल्या माणसांची. तो घडाघडा चेक बोलत होता, पण दोनशे वर्षांपूर्वी डोंगरात शिरलेली चेक. क्रोएशियातल्या दारुवारची एक शाळामास्तरीण होती. युक्रेनमधल्या व्होलिनचे काही जण होते. त्यांचे बरेच भाऊबंद १९४७ मध्ये इकडे परतले, काही चेर्नोबिलनंतर. अर्जेंटिनाच्या चाको प्रांतातल्या एका मुलाला बोलता काहीच येत नव्हतं, पण पणजीची गाणी सगळी कडव्यांसकट येत होती, अर्थ न कळता. आपल्याकडच्या घरोघरच्या रामरक्षेसारखं.

शिक्षिकेने फळ्यावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं 'घरी', दुसऱ्या बाजूला 'पुस्तकात'. मग एकेकाला विचारत गेली: बटाट्याला घरी काय म्हणता? झेमाकी, एर्तेप्ले, आणखी दोन-तीन शब्द आले, मला टिपताही आले नाहीत. सगळे डावीकडे लिहिले. उजवीकडे एकच, ब्रांबोरी. खोडलं काहीच नाही. "परीक्षेत उजवीकडचा लिहा," म्हणाली, "आजीला फोन कराल तेव्हा डावीकडचा."

आणि व्याकरण! मला वाटायचं, विभक्त्या पाठ करणारे आपणच. चेक मुलंही शाळेत पहिली विभक्ती, दुसरी विभक्ती असं आकड्यांनीच शिकतात, अगदी आपल्या प्रथमा-द्वितीयेसारखं. फक्त आकडे वेगळे. त्यांची दुसरी आपली षष्ठी, त्यांची सातवी आपली तृतीया, आणि पाचवी म्हणजे संबोधन, हाकेची. पावेलला हाक मारायची तर 'पाव्ले', यानाला 'यानो'. माझ्या अमेरिकन मैत्रिणीला हाक मारताना नाव का बदलावं हेच कळेना. मी म्हटलं, आमचा देव हाक मारली की 'देवा' होतो. तेवढ्याने तिला पटलं.

सप्टेंबरात आम्ही तिच्या पूर्वजांच्या गावी गेलो, फ्रेन्श्टाटच्या बाजूला, रादहोश्त डोंगराच्या पायथ्याशी. जन्ममृत्यूच्या जुन्या चर्च-नोंदी ओपावाच्या प्रांतिक अभिलेखागाराने आंतरजालावर फुकट ठेवल्या आहेत. त्यात नावाशेजारी घराचा नंबर असतो. हे नंबर सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या काळात, १७७०च्या सुमाराला, फौजेत भरती करायला माणसं सापडावीत म्हणून घातले गेले, आणि अनेक गावांत अजून तेच चालू आहेत. त्यामुळे खापरपणजोबांचा नंबर वहीत वाचायचा आणि त्याच नंबरच्या पाटीपुढे जाऊन उभं राहायचं, इतकं ते सोपं झालं.

घर अर्थातच ते नव्हतं. सत्तरच्या दशकातलं चौकोनी, राखाडी बांधकाम, दारात पत्र्याचा पिंप, पिंपात पावसाचं पाणी. एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला धरून बाहेर आले. तिने वहीचं छापील पान दाखवलं आणि आपलं पाठ वाक्य म्हटलं. ते म्हणाले, "टेक्सस? इथले सगळे टेक्ससलाच गेले. मी राहिलो." नात्याचे नव्हतेच ते, त्यांच्या वडिलांनी जागा विकत घेतलेली. तरी आत नेलं, प्लमची दारू काढली, त्यांच्या बायकोने फ्रगाल आणला. फ्रगाल म्हणजे त्या भागातला, भाकरीपेक्षा मोठा गोड रोट. वर नाशपातीचा मुरंबा नाहीतर खसखस, आणि त्यावर लोण्यासाखरेचा चुरा. टेक्ससमध्ये तिच्या आजीच्या घरी कोलाचे होतात, तळहाताएवढे. तिने फ्रगालचा तुकडा हातात धरला आणि बराच वेळ खाल्लाच नाही. दुसऱ्या पेल्यानंतर म्हातारबाबांनी 'तुम्ही' सोडून 'तू' म्हणायची परवानगी दिली. इथे ती थोरल्याने द्यावी लागते.

निघताना ते मला म्हणाले, "आणि तुमचं घर कुठे?" मी चिपळूण म्हटलं. त्यांनी मान डोलावली, जणू पुढच्या स्टेशनाचं नाव ऐकलं असावं.

आता मी का लिहिते आहे ते. मी नववीत असताना गुहागर तालुक्यातल्या माझ्या आजोळी मॉरिशसहून एक मराठी कुटुंब आलं होतं. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांसाठी करारावर जी माणसं बोटीत बसली त्यांत कोकणातली पुष्कळ होती, हे आपल्याला मी सांगायला नको. त्यांच्याकडे मॉरिशसमधल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेतल्या अभिलेखागारातून काढलेल्या नोंदीची प्रत होती. पूर्वजाचं नाव, बापाचं नाव, बोटीचं नाव, जिल्हा 'रुटनाघेरी', आणि गावाचं नाव गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. त्या स्पेलिंगचं गाव आमच्या तालुक्यात कोणालाच सापडेना. घराच्या नंबराची पाटी आपल्याकडे नाही. सरपंचांनी शाल-श्रीफळ दिलं, फोटो झाला, पोहे झाले. त्यांच्यातल्या आजोबांनी आरती म्हटली, शब्द आमचेच, चाल जरा वेगळी. तिकडे झाकरी नाचतात म्हणाले. आमची जाखडी ती.

त्यांची नात माझ्या वयाची. शाळेत मराठी शिकलेली, कारण मॉरिशसच्या शाळांत मराठी आहे. ती माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "आपण कुशल आहात काय?"

मी हसले. माझी मावसभावंडंही हसली. दिवसभर आम्ही एकमेकांना "आपण कुशल आहात काय" विचारत होतो. तिने नंतर तोंडच उघडलं नाही, संध्याकाळपर्यंत आईशी क्रिओलमध्ये काय बोलली तेवढंच. जाताना तिच्या वडिलांनी माझ्या मामाला विचारलं, हिला एखादा महिना इथे ठेवून चांगलं मराठी शिकवायचं असेल तर कुठे पाठवू? मामा म्हणाला, पाठवा की आमच्याकडे. चांगल्या मनाने म्हणाला. पण कोणी कोणाकडे अशी पोर पाठवत नसतं.

मेंझातल्या बाईंनी डाव जास्त वाढला तेव्हा मला ती मुलगी आठवली. खिडकीपलीकडच्या बाई इंग्रजीवर आल्या तेव्हाही तीच आठवली, आणि तेव्हा खिडकीच्या कुठल्या बाजूला मी होते तेही.

कागदांच्या बाबतीत आपण चेकांच्या पुढे आहोत, हे मान्य केलं पाहिजे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड (भारताचे परदेशस्थ नागरिक म्हणून मिळणारं कार्ड) देण्याची घोषणा झाली. सातवी पिढी! माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती आधी विश्वासच ठेवेना, मग म्हणाली, आमची माणसं चुकीच्या देशातून गेली. आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्त्याही आहेत, मॉरिशसची मुलं त्यांवर येतात आणि पदव्या घेऊन जातात. पण पदवीला येणाऱ्याला आधी भाषा यावी लागते, किंवा मग तो इंग्रजीतून शिकून परत जातो. कार्ड दाखवून विमानतळाबाहेर पडता येतं, पण आजोळच्या ओटीवर ते बोलत नाही.

म्हणून विनंती अशी. आपलं विद्यापीठ नवं आहे, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला त्याच वेळचं. नव्या घरात भिंती कुठे घालायच्या ते अजून ठरवता येतं. रिद्धपुरात वर्षातून एक महिना, बाहेर गेलेल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी वर्ग भरवा. तीस जण पुरे. राहणं, जेवण, शिकवणं विद्यापीठाचं, तिकीट त्यांचं त्यांनी काढावं. वंशावळ मागू नका, त्यांच्या गावच्या मराठी मंडळाचं पत्र पुरे. मॉरिशसची मुलं येतील, इस्रायलमधल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून गेलेल्या मराठी ज्यू, घरांतली येतील. तंजावरच्या मराठी घरांतली तर नक्की बोलवा. सतराव्या शतकात व्यंकोजींबरोबर दक्षिणेत गेलेलं मराठी ती अजून घरात बोलतात आणि त्यांना पासपोर्टही लागत नाही.

आणि फळ्यावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला 'घरी', दुसऱ्या बाजूला 'पुस्तकात'. मॉरिशसच्या आजीचा कोकणी हेल, तंजावरचे तमिळ मिसळलेले शब्द, सगळे डावीकडे येऊ द्यात. विद्यापीठाला त्यातून एक शब्दसंग्रहही फुकटात मिळेल. आठवणी गोळा करण्याचं काम त्या गावाला नवं नाही. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी माणसामाणसाकडून ऐकून तिथेच तर एकत्र केल्या.

शेवटच्या आठवड्यात त्यांना कोकणात न्या. मोकाच्या नोंदींच्या प्रती आणि आपल्याकडचे जुने महसुली दप्तर जाणणारा एखादा निवृत्त तलाठी शेजारी बसवलात, तर निम्म्या गावांची स्पेलिंगं सुटतील अशी माझी पैज आहे. एखादं गाव नाहीच सापडलं तरी चालेल. फ्रेन्श्टाटला नातेवाईक कुठे सापडला होता?

फक्त एक गोष्ट कळकळीने सांगते: मे महिन्यात बोलावू नका. विदर्भातला मे समुद्राकाठच्या पोरांना सोसणार नाही. मॉरिशसच्या शाळांची मोठी सुट्टी वर्षअखेरीला येते. डिसेंबरात बोलवा. तेव्हा मोर्शीच्या बाजारात संत्री असतात, आणि भाव काय असं विचारायला पुस्तकातलं मराठी पुरतं.

कळावे,
आपली विश्वासू,
चिपळूणची एक विद्यार्थिनी, सध्या मुक्काम ब्रनो